चुलीवरचा तानपुरा

मित्रांनो, मी एक जुना तानपुरा आहे. जुना म्हणजे नुसता वयाने नव्हे. माझा रंग पाहाल तर तुम्हाला तव्याचे बूड आठवेल. मला प्रथमच पाहणारा प्रत्येक गवई नाक मुरडतो, मग माझ्या तारा छेडतो आणि मला खाली ठेवत नाही. असे का होते ते सांगायला मला फार आवडते. उद्यापासून कुंभिवलीच्या देवळात वैशाखातला गाण्याचा उत्सव आहे. तोवर मला दुसरे काम नाही, तेव्हा ऐका.

भीमेकाठच्या एका मळ्यात मी कडू भोपळा म्हणून वाढलो. कडू होतो म्हणून भाजी होण्यापासून वाचलो. मिरजेच्या एका कारागिराने मला वाळवले, माझे पोट कोरून रिकामे केले, तुणीच्या लाकडाची लांब दांडी जोडली आणि छातीवर पातळ फळी, म्हणजे तबली, बसवली. कडेने हाडाची पांढरीशुभ्र पानेफुले जडवली. मग तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून घासून त्याने जवारी काढली. जवारी म्हणजे तारेच्या सुरात घुमणारा गोड गुंजारव. ती जमली नाही तर तानपुरा पत्र्यासारखा टणटणतो. माझी जमली होती, हे मी स्वतःच सांगतो, कारण तो कारागीर आता हयात नाही.

माझ्याबरोबर तस्साच दुसरा तानपुरा घडला. आम्हा जोडीला कुंभिवलीच्या देवस्थानाने उत्सवासाठी आणले. तीन रात्री देवळासमोर गॅसबत्त्या लागत. लोधिवली, चौक अशा गावांहून बैलगाड्या येत. नरहरबुवा मालकंस आळवू लागले की कडेवरची पोरेसुद्धा रडायची थांबत. बुवांच्या मागे मला घेऊन बसे तो येसाजी. हा भातशेती करणारा साधा माणूस. त्याला गाण्याची एक ओळ येत नव्हती, पण तारा छेडणारे त्याचे बोट कधी घाई करत नसे, कधी रेंगाळत नसे. बुवा म्हणत, "येसाजी मागे बसला की पाठीला भिंत मिळते."

मग लढाई आली. आमच्या डोंगरापलीकडे कुठे बंदूक वाजली नाही, पण रॉकेल मिळेना, तांदूळ मिळेना. बेचाळीस साली उत्सव बंद पडला. पंचांनी माझ्या जोडीच्या भावाला मखमली गवसणीत घालून देवळाच्या कपाटात ठेवले आणि मोठे कुलूप ठोकले. मला येसाजीने घरी नेले. तो रोज संध्याकाळी मला ओट्यावर घेऊन बसे. त्याची बायको चंद्राबाई आत भात कांडत ऐके आणि कधी कधी येऊन विचारी, "आज मदली तार रुसल्यावानी का वाजती?" तिचा कान असा होता.

दोन वर्षांनी हिवतापाने येसाजी गेला. अंथरुणावर तो तिला म्हणाला, "उत्सव पुन्ना भरंल गं. तवा तानपुरा दुसऱ्या गावचा मागाया लागू नाय." चंद्राबाईने मान हलवली. त्या दिवसापासून मला जपणे हे तिचे व्रत झाले.

आता तिने मला कसे जपले ते ऐका, आणि हसायचे असेल तर हसा. आमच्याकडे बियाण्याची कणसे, काकड्या, भोपळे चुलीवर टांगतात. धुराने कीड लागत नाही. तिने माझ्याकडे पाहिले. तिला दांडी दिसली नाही, नक्षी दिसली नाही, भोपळा दिसला. तिने मला बियाण्याच्या भोपळ्याशेजारी चुलीवर टांगून टाकले!

मित्रांनो, मला त्या वेळी रडू आले. खाली कालवण उकळते आहे, वर मी खोकतो आहे. माझी पांढरी फुले पिवळी झाली, मग तपकिरी झाली, मग दिसेनाशी झाली. दांडीचा सांधा सुकून उकलला. एक तार गंजून तुटली. देवळात मखमलीत झोपलेल्या भावाचा मला अस्सा हेवा वाटे! पण दर सोमवारी चंद्राबाई मला खाली काढी, फडक्याने पुसी आणि येसाजीसारखी बसून उरलेल्या तीन तारा छेडी. घडीभरच, पण एकही सोमवार तिने चुकवला नाही.

सेहेचाळीसच्या चैत्रात देवळात बैठक भरली. उत्सवाचे पुढारपण सहदेवकडे होते. तो येसाजीचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "लडाई सरली, पर रॉकेल कुटं हाय? अंधारात का गाणं करायचं? आन् चार वर्सांत लोकांची सवय मोडली. कोण येतंय आता?"

बायकांच्या बाजूने चंद्राबाई उठली. "भावजी, उजेडात करा की. सकाळी. सूर्याला काय रेशन हाय?"

सगळे हसले, आणि सकाळचेच ठरले. नरहरबुवांना पत्र गेले. त्यांचे उलट टपाली उत्तर आले की येतो. सकाळी गायच्या तोडी रागासाठी मला आयुष्यभर कोणी बोलावले नाही, सगळ्यांना रात्रीचेच राग हवे असतात, असे त्यांनी लिहिले होते.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी बुवा खोपोलीहून बैलगाडीने आले. शिष्य आजारी, म्हणून एकटेच. तानपुऱ्यांची जोडी इथे आहेच, म्हणून सुट्या तारांच्या पिशवीखेरीज हात हलवत आले. सहदेवने मोठ्या ऐटीत कपाटाचे कुलूप काढले, गवसणी उचलली, आणि माझा भाऊ गवसणीच्या आतच कोसळला. चार पावसाळ्यांची ओल आणि वाळवी. हातात उरले ते मूठभर पीठ आणि खुंट्या. ज्याचा मी हेवा करत होतो त्याची ही गत!

चंद्राबाई धावत घरी आली आणि मला घेऊन गेली. बुवांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाई, हा तानपुरा की जळके लाकूड?"

"काळा हाय, पर कीड नाय," ती म्हणाली.

बुवांनी मला उलटसुलट केले, ठोकून पाहिले. लाकूड खणखणीत होते. सखा सुताराने सांध्यात सरस भरला आणि तो सुटू नये म्हणून माझ्या मानेला काथ्याची दोरी आवळली. नक्षीदार मानेला काथ्या! पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, मी सोसले. उन्हात ठेवल्यावर दुपारपर्यंत सरस धरला. बुवांनी पिशवीतून नव्या तारा काढून चढवल्या, सूर जुळवला आणि विचारले, "मागे बसणार कोण?"

"मी," चंद्राबाई म्हणाली.

सहदेव गडबडला. "वैनी, तुमी? येसाजीच्या माघारी बाईमाणसानं असं चारचौघांत बसायचं... लोक काय म्हंतील?"

"लोकांनी कानानं ऐकायचं हाय, भावजी. डोळं मिटून ऐका म्हनावं."

बुवांनी मला तिच्या मांडीवर दिले. तिने पदर खोचला आणि तारा छेडल्या. बुवांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हा येसाजीचा हात आहे. सहदेवराव, भिंत सापडली."

पण बोलता बोलता त्यांना ठसका लागला. वैशाखातले दिवस. गावोगाव राब भाजणे चालू होते. भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून ते पेटवतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. वारा पडलेला असतो म्हणून तो सकाळीच भाजायचा. बुवा म्हणाले, "सकाळी असाच धूर असेल तर माझा षड्जसुद्धा लागायचा नाही."

पुढचे मला चंद्राबाईनेच सांगितले. ती तशीच उठली. कुंभिवलीत घरोघर गेली, मग चढावरच्या ठाकूरवाडीत गेली. तीन सकाळी राब पेटवू नका, गाणे ऐकायला या, एवढेच आवतण. लोक ऐकून घेत, पण हो म्हणत नसत. पाऊस तोंडावर आलेला, आणि राब भिजला तर वर्षाचे भात गेले. वाडीतल्या ठमीने तोंडावर विचारले, "वळीव आला तं आमचा राब भिजंल. मंग?"

"माजाबी भाजायचा हाय, ठमे. तुज्याआदी माजा भिजंल."

ठमी आत निघून गेली. चंद्राबाई दिवेलागणीला परतली तेव्हा एकाही घराचा होकार तिच्या पदरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी ती मला काखेत घेऊन देवळाच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या बरगड्यांतली धडधड माझ्या भोपळ्यात घुमत होती. खाली मांडव रिकामा होता. मांडवाकडे तिने पाहिलेच नाही. ती शेतांकडे पाहत होती.

एकही धूर नव्हता. कुंभिवलीत नाही, चढावर नाही, कानोकानी निरोप पोचलेल्या नदीपलीकडेही नाही. कित्येक दिवसांनी डोंगराची कड स्वच्छ दिसत होती.

"आले," ती म्हणाली. रस्त्यावर अजून कोणीच नव्हते, तरी म्हणाली. आणि मग खरेच आले. लोधिवलीच्या गाड्या आल्या, राखेने काळे झालेले हात घेऊन गावकरी आले. वाडीवरून ठमी उतरली ती डोईवर करवंदांची पाटी घेऊन, आणि सगळ्यांत पुढे बसली. बुवांनी तोडी मांडली. चंद्राबाईने ऊन मांडवात येईपर्यंत मांडी बदलली नाही. एकदाच तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या तबलीवर पडले. बोट मात्र थांबले नाही.

वळीव आठ दिवसांनी आला. तोवर सगळ्यांचे राब भाजून झाले होते, चंद्राबाईचा सर्वांत शेवटी.

पुढे बुवा मला दुरुस्तीसाठी मिरजेला नेऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "सांदा नीट करा. रंग मातर काढू नका." म्हणून मी अजून काळा आहे. आता चुलीवर नाही, ओट्यावरच्या खुंटीला असतो आणि दर सोमवारी वाजतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आवडत्या वस्तूला मखमलीत गुंडाळून कुलपात टाकू नका. हाताला लागेल अशी ठेवा. जपताना चुकलात तरी चालेल, विसरू मात्र नका.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. आता आवतण द्यावे लागत नाही. उद्या पहाटे चंद्राबाई मला काखेत घेऊन त्याच पायरीवर उभी राहील आणि आधी शेतांकडे बघेल. धूर नसेल.