माळावर पोचलेला लसीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना निळा डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला पोळीभाजी आठवली असेल, तर क्षमा असावी. माझ्या पोटात चहूबाजूंनी बर्फ असतो आणि मधोमध तुमच्यासाठी लसी.

छत्रपती संभाजीनगरबाहेरच्या एका आरोग्य उपकेंद्रात सुकेशनी सिस्टरांनी मला पहिल्यांदा खांद्याला लावलं. पडेगावच्या पुढे माळावर मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह त्यांचा फिरता तळ, उतरला, की गाडीरस्ता संपेल तिथून त्या पायी निघत. रडक्या पोराला बोलण्यात असं गुंतवत, की सुई कधी टोचली हेही त्याला कळत नसे. अशा बाईच्या खांद्यावर बसायला मिळालं, याचा मला फार अभिमान होता.

पण एकदा माहिती उशिरा पाठवली म्हणून तेव्हाच्या साहेबांनी भर बैठकीत त्यांची खरडपट्टी काढली. एवढ्या उन्हात कुठे गेला होतात, हे कुणी विचारलंच नाही. सिस्टरांचं मन कामावरून उडालं. "ज्याला गरज असेल तो येईल केंद्रावर," असं त्या म्हणू लागल्या. नेमून दिलेलं काम होई, पण त्यात जीव नसे. मी कपाटाखाली धूळ खात पडलो.

यंदा त्या साहेबांच्या जागी डॉक्टर मेघा आल्या. त्याच सुमारास माळावरच्या एका वाड्यात गोवर निघाला. शेजारचा वाडा दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवणार होता, आणि तिथलं दहा महिन्यांचं पोर लसीवाचून राहिलं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तिथली वाट तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. मला न्याल?"

सिस्टर उठून कपाटापाशी गेल्या. मग त्यांनी मला बाहेर ओढलं, धुतलं आणि त्या शेजारच्या वाड्यावरच्या खंडेरावला फोन लावला, "उद्या येते. निघू नका."

डॉक्टरांना घेऊन आम्ही पोचलो तेव्हा घोड्यांवर बिऱ्हाड लादून झालं होतं. खंडेराव आमच्याकडे पाठ करून आपल्या आईवर, आक्काबाईंवर, वैतागत होता.

"आये, ऊन चढलं. आता कोन येतंय? लई दिस झाले, फिरकली बी नाय ती."

"येईल. तुझ्या पोरीच्या येळंला अशाच उनात चालत आली व्हती. मेंढरं थांबू दे."

सिस्टरांनी ते ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मग त्या पोराला मांडीवर घेतलं, लस टोचली. त्याचं रडं थांबेपर्यंत सारा वाडा खोळंबला होता. निघता निघता त्यांनी विचारलं, "आक्काबाई, पुढचा मुक्काम कुठं? ताप आला तर फोन करा, मीच येते."

पगार तेवढाच आहे आणि माळावरचं ऊनही कमी झालेलं नाही, पण सिस्टर आता मला घेऊन पुन्हा वाड्यावाड्यावर जातात. मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी फुटलो तर दुसरा डबा मिळेल. तुमच्या दारी सिस्टर आल्या, तर त्यांना एवढंच सांगा, "आम्ही तुमचीच वाट पाहत होतो."