नवरदेव रुसला, पण कशासाठी?

माझ्या लग्नात माझ्या बाबाने हलगीवाल्याला एकच ताकीद दिली होती, हात थांबवायचा नाही. लोकांना वाटलं, धाकलू मोठा हौशी बाप. हौस कसली डोंबलाची! मागच्या खोलीत माझ्या थोरल्या बहिणीला, जनीला, कळा सुरू झाल्या होत्या. तिचं ओरडणं शेजारच्या मारुतीच्या देवळात ऐकू जाऊ नये म्हणून ही सगळी बडवाबडवी.

देवळात वऱ्हाड उतरलं होतं. घाटातून आगगाडी जायला लागून दहा-बारा वर्षं झाली होती, तरी वऱ्हाड आलं बैलगाड्यांनीच. त्यात माझी होणारी सासू अंबाबाई होती. नेरळच्या बाजूला तिच्यासारखी सुईण नव्हती म्हणतात. आमच्या गावची बायजा सुईण नेमकी साजगावला अडकलेली. गरज इकडे, माणूस तिकडे, आणि मध्ये एवढंसं कुंपण. पण विहिणीला काम सांगायचं? जिचे पाय धुवायचे, जिला पाटावरून उठू द्यायचं नाही, तिला म्हणायचं, या आणि बाळंतपण करा?

"मी मरंन, पन त्ये तोंडातनं काडनार नाय," बाबा म्हणाला. मरायची पाळी जनीवर आली होती, पण ते बाबाला सांगणार कोण!

मी बारा-तेरा वर्षांची, गौरीहरापाशी बसलेली. अंगावर पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या आणि कान मागच्या खोलीकडे. भटजींनी सांगून टाकलं होतं की देवक बसलंय, तेव्हा घरात मूल जन्मलं तरी लग्नाला सोयराची आडकाठी नाही. भीती लग्नाची नव्हती, जनीचीच होती. सकाळपासून ती तळमळत होती आणि आईला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात परसदाराने एक ठेंगणी, धट्टीकट्टी बाई आत शिरली. नवं कोरं हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात कुंपणाची पानं अडकलेली. आईची बोबडीच वळली.

"इ… इहीनबाई, तुमी?"

"इहीनबाई मागनं. आदी पानी तापवा," ती म्हणाली. "मगाधरनं हलगीखालनं आयकतेय मी. मगा कळा लांब लांब व्हत्या, आता लागोपाट हायत. मला काय बहिरी समजलात व्हय?"

मग ती माझ्यासमोर थांबली आणि माझी हनुवटी वर केली.

"तू सुंदरा न्हवं? आयक गं. माज्या वाल्मिकला सबूद दिलाय, तुज्या लग्नातनं हलनार नाय म्हनून. त्याच्या बारशालाबी मी न्हवते. शेलूला येक बाई अडली व्हती. मी मालोजी नाव ठेवनार व्हते. घरी येऊन बगते, तर पोरगं पाळन्यात वाल्मिक हून पडलेलं!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "आता अक्षतांनाबी नसले, तर त्यो मला आये कशाला म्हनंल?"

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लागलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या बाईचा पाय आत ओढत होता आणि जीव देवळात होता.

इकडे वेळ होत आली. बाबा वाजतगाजत नवऱ्या मुलाला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

"नवरदेव रुसला!"

आमच्याकडे नवरदेव रुसतोच, त्यात नवल नाही. सासऱ्याने काहीतरी कबूल करायचं, मग त्याने उठायचं. पण हा काही मागेच ना! बाबाने मुंडासं देऊ केलं. नाही. चांदीचा करगोटा. नाही. शेवटी बाबाने गोठ्यातला तांबडा खोंड देऊ केला. त्यावरही नवरदेव मांडी घालून, खाली मान घालून गप्प.

"खोंडावर भागंना! आता काय माजं घर मागतो का काय?" बाबाने कपाळाला हात लावला. भटजी डोंगराकडे बोट दाखवत होते, सूर्य टेकला की मुहूर्त संपला. आणि मी आत बसून ठरवून टाकलं होतं की हा माणूस हावरट आहे. त्याची आई इथे माझ्या बहिणीसाठी घाम गाळतेय आणि हा तिथे खोंडाला नाक मुरडतोय. मला त्याचा असा राग आला की गौरीहरापुढचे तांदूळ मी मुठीत करकचून आवळले.

आत सासूचा आवाज चढला. "जने, दम धर. आता. आता गं माजी बाय!"

आणि मूल रडलं. असं खणखणीत रडलं की हलगीवाला आपणहून थांबला. साऱ्या मांडवात त्या एका पोराचा आवाज.

दुसऱ्याच क्षणी बाबा धावत आला. "उटला! आपल्या आपन उटला! खोंडबी नको म्हनतो!"

आम्ही अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. सासू विहिरीवर दोन घागरी अंगावर ओतून, ओल्या केसांनी धापा टाकत आली, जनी सुखरूप असल्याचं आईला खुणेने सांगितलं आणि मुलाच्या मागे उभी राहिली. भटजी सुरू करणार, तर बाबाला राहवेना.

"जावयबापू, येवडं सांगा. तुमाला पायजे काय व्हतं?"

अंतरपाटापलीकडून मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "कायबी नाय. पोर रडायची वाट बगत व्हतो."

"म्हंजी?"

"आयेला कुंपनातनं जाताना बगितलं मी. लानपनी आये मला संगं न्यायची. लोकांच्या अंगनात बसून ऱ्हायचो. आतलं पोर रडलं, की आये भायेर येनार, येवडं मला ठावं हाय."

मंगलाष्टकं सुरू झाली, आमच्यावर अक्षता पडू लागल्या. जिच्यासाठी सगळं थांबलं होतं, ती माझी सासू मात्र अक्षतांची मूठ आवळून ढसाढसा रडत होती.

"आये," तो मागे न बघता म्हणाला, "टाक की गं."

तेव्हा कुठे तिने सगळी मूठ एकदम टाकली.