पानावरचं लासरचं नाव

हे तुम्हाला पटणार नाही. मला स्वतःलाच पटायला अर्धा उन्हाळा गेला, आणि मी तर तिथं उभा होतो. पण होडी पलीकडच्या काठाला आहे, नावाडी जेवायला बसलाय, तेव्हा ऐका.

तळ्याकाठच्या बखरकारांच्या घरी मी कातडी कमवायचो. वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, चौकटीवर ताणायचं, की झाली पानं. शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची. ती इतकी काळी, की एकदा एक कावळा दौतीत डोकावला आणि शरमेनं पांढरा झाला. हसू नका, तो पुढं बगळ्यांत राहायला गेला.

त्या घराला राजानं जमीन दिली होती ती एकाच कामासाठी. वर्ष सरलं की त्या वर्षी कोण गेलं ते बखरीत उतरवायचं. कोण म्हणजे राजे, मठाधिपती, कवी, फार तर दानशूर म्हणून नावाजलेली एखादी राणी. तुम्ही-आम्ही मेलो तर कुत्रं भुंकतं, तेवढीच नोंद.

मग ती साथ आली. आधी गाई गेल्या, मग माणसं. लिहिणाऱ्या तूअलची एकुलती एक पोर, लासर, तीही गेली. त्याच्या शाईच्या गाठी कुटून तिचे हात कायम काळे असायचे. तिला आम्ही त्याच काळ्या हातांनिशी पुरली. धुवायला कुणी धजलं नाही.

तूअल त्या वर्षाच्या पानाशी बसला आणि लेखणी खाली ठेवून थोरल्या भावाला, घरच्या कर्त्या मुर्गेसला म्हणाला, "दादा, लासरला एक ओळ दे."

"तूअल, वेडा का खुळा तू? ती कोण होती?"

"वरच्या ओळीत गाई मेल्याचं लिहिलंय. गाईंना जागा आहे आणि माझ्या पोरीला नाही?"

"गाई सगळ्या मुलखात मेल्या."

"पोरीही सगळ्या मुलखात मेल्या."

"मग 'माणसं अतोनात मेली' असं लिहिलंयस ना? त्यात आली ती." मुर्गेस जरा नरमला. "कडेला लिही हवं तर. थंडीनं बोटं वाकली, शाई पातळ झाली, असलं रडगाणं लिहितोसच की तिथं."

"पुस्तक बांधताना कडा छाटतात, दादा."

मुर्गेसनं कमरेच्या सुरीवर हात ठेवला. छाटणारी सुरी त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी पानावर ओळ होती, मधोमध, राजांच्या रांगेत. 'लासर, तूअलची कन्या, भुकेल्यांना जेवू घालणारी, या वर्षी निवर्तली.'

"कुणाला जेवू घातलंन रे तिनं?" मुर्गेस ओरडला.

"मला."

"हे पुढं राजासमोर वाचायचंय! एक ओळ खोटी निघाली तर सगळी बखर खोटी ठरते. मग जमीन जाते, आणि उरल्यासुरल्या पोरांनी काय गवत खायचं?"

तोही खोटं बोलत नव्हता. त्यानं सुरी घेतली आणि ओळ खरवडून काढली. शाईचा भुगा मांडीवर पडला, तो तूअलनं चिमटीनं गोळा केला.

आता ऐका, इथूनच तुम्हाला पटायचं नाही. सकाळी नाव परत पानावर! आधीपेक्षा काळं. मुर्गेसनं पुन्हा खरवडलं. संध्याकाळी पुन्हा हजर. "तूअल, हात कलम करीन!" म्हणून तो धावला, तर तूअल अंथरुणाला खिळलेला, काखेत साथीची गाठ आलेली, लेखणी धरायचं बळ कुठलं? मुर्गेसनं दगडानं घासलं, दुधानं पुसलं, वरून मठाधिपतीचं नाव लिहिलं. मठाधिपती विरघळून खाली ओघळला आणि लासर वर आली. शेवटी त्यानं सुरी तळ्यात फेकली. "राहू दे पोरीला," म्हणाला. पान उचलून तूअलच्या डोळ्यांपुढं धरलं. तूअलनं वाचलं, बोट फिरवलं आणि हसत डोळे मिटले. ते नाव आजही तिथं—

"पुरे रे फेलॉन!"

होडीच्या रांगेतली गोर्मला होती, त्या घरची पानं शिवणारी. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"किती थापा मारशील? ते पान माझ्याकडं आलं होतं. खरवडून खरवडून भोक पडलं होतं मधोमध, माझा अंगठा जाईल एवढं. तागाच्या दोऱ्यानं मीच शिवलं ते, तूअलच्या खाटेशी बसून. तो सारखं विचारत होता, काही दिसतंय का गं, एखादं अक्षर तरी? काही नव्हतं, फेलॉन. भोकात कुठलं नाव असतं?"