अर्ध्या खळ्याचे चिरे

लिनो गवंड्याने दोरीचं एक टोक दुर्गाच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो खळ्याच्या पार त्या टोकाला गेला. दुर्गाला नुसतं उभं राहायचं होतं, पण तेवढ्यानेही तिची कंबर कुरकुरायला लागली. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर घरापुढचं हे अख्खं खळं खणायचं, भिजवायचं, चोपायचं आणि शेणाने सारवायचं. यंदा काही झालं तरी वाकणार नाही, असं तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं. गुरुदास मास्तरांनी जन्मात बायकोचं एवढं एक ऐकलं आणि लिनोला धाडून दिलं.

"पुऱ्या खळ्याक हजार चिरे लागतले," लिनो दोरी गुंडाळत म्हणाला. "फुटतुटीक शंभर वरती."

"माज्या अर्ध्यात नको," शेजारच्या दारातून आनंदी म्हणाली.

आनंदी ही दुर्गाची थोरली जाऊ. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी या घरातल्या चुलीही वेगळ्या झाल्या. जिल्ह्याला निदान काही कारण तरी होतं. इथे दोघे भाऊ एका फणसाच्या वाटणीवरून हातघाईवर आले. पुढे थोरला वारला, त्याचा मुलगा नोकरीला वास्कोला गेला, तरी एका घरातून दुसऱ्या घरात कुणी पाऊल टाकलं नाही. खळं मात्र सामाईक राहिलं. सारवणाला मध्ये सांधा दिसता कामा नये, ही सासूची शिस्त. म्हणून दोघी जावा वर्षातून एकदा शेजारी शेजारी बसून सारवायच्या आणि वर्षभराचं बोलून घ्यायच्या.

"चिऱ्यांचा सगळा आमीच बघतलंव, वयनी. तुका कसलोच तरास नाय," दुर्गा म्हणाली. "मगे नको कित्याक?"

"चिरे घातल्यार तू माज्यावांगडा कधी बोलतलंस?"

दुर्गाला एकदम राग आला. कंबर आपली मोडायची आणि गप्पांची हौस हिची! "घरात येऊन बोलतलंय," ती म्हणाली.

"इतक्या वर्सांत इलंस कधी?"

लिनो दोरीशी चाळा करत उभा होता. बायकांच्या भांडणात चिऱ्यांचा हिशोब चुकतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"सांग बाये. पुरे की अर्धे?"

'पुरे' म्हणायला जीभ उचलेना. पण कंबरेतून कळ आली, आणि आणखी एक वर्ष वाकायच्या विचारानेच दुर्गाचे डोळे भरले.

"अर्धे," ती म्हणाली.

"म्हणजे साडेपाचशे," असं म्हणून लिनोने मधोमध खुंट्या ठोकल्या. आनंदी आत निघून गेली.

चिरे आले, बसले, झकास दिसू लागले. मग आनंदीने तिचं अर्धं खळं एकटीनेच सारवायला घेतलं. दुर्गा दोनदा चहा घेऊन गेली. दोन्ही वेळा आनंदीने रिकामी कपबशी दुर्गाच्या हातात न देता चिऱ्यावर ठेवून दिली. हवा होता तो आराम दुर्गाला मिळाला होता, पण चिऱ्यांवर बसवेना आणि घरातही बसवेना.

दिवेलागणीला आनंदी भिंतीला धरून उठली आणि आत गेली. दुर्गाने खोबरेलाची बाटली उचलली. ओल्या सारवणाच्या कडेकडेने जाऊन ती शेजारच्या उंबऱ्यापाशी थांबली.

"वयनी, पाठ चोळून दिऊ?"

आत चटई उलगडल्याचा आवाज झाला. मग आनंदी म्हणाली, "ये."

दुर्गा आत गेली. चटईवर पालथ्या पडलेल्या आनंदीची पाठ चोळताना काय काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. लेकीला दिवस गेले होते, मास्तरांना साखर निघाली होती. पण ती तोंड उघडणार तोच आनंदी घोरायला लागली. तिला उठवायला दुर्गाचं मन होईना. तेलाचे हात तसेच मांडीवर ठेवून ती बसून राहिली.