तारण

उलव्याच्या प्लॉटवर गवत गुडघाभर वाढलं होतं. बँकेचे मॅनेजर त्यात पाय उचलून उचलून टाकत होते आणि कृष्णाबाईला दर वाक्याला ‘आई’ म्हणत होते.

विमानतळात शेत गेलं, त्याच्या बदल्यात तिला हा प्लॉट मिळाला होता. पनवेलच्या बाजारात सुकट विकून तिने संसार ओढला, पण प्लॉट विकला नाही. मुलगा मिथुनने न्हावा शेवा बंदरातले कंटेनर वाहायची कंपनी काढली होती. त्याचे चार ट्रेलर रात्रंदिवस पळत होते, तेव्हा पाचव्यासाठी कर्ज मागायला तो याच मॅनेजरकडे गेला होता. तीही सोबत होती. दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी शिपायाकरवी सांगितलं, जुन्या गाड्यांवर काही होणार नाही. तेव्हा या प्लॉटला कुणी विचारत नव्हतं.

आता धंदा बसला होता. पण डोक्यावरून विमानं उडू लागली, जमिनीचे भाव चढले आणि मॅनेजर पेढे घेऊन दारात आले. कंपनीला हवं तेवढं कर्ज देतो म्हणाले. फक्त प्लॉट तारण ठेवायचा, आईंनी सही करायची.

कृष्णाबाईने त्यांच्या पँटला चिकटलेल्या कुसळांकडे पाहिलं.

“चार गाड्या धावत व्हत्या तवा तुमी नाय म्हनलात,” ती म्हणाली. “आता एकच चालते, तर घरी आलात.”

मॅनेजर हसले. “आई, गाडीची किंमत उतरते, जमिनीची चढते. बँकेला तेच बघावं लागतं.”

“म्हंजे माझ्या पोराच्या कामाला किंमत नाय. मंग या गवतालाच धंदा करायला सांगा.”

तिने सही केली नाही. मिथुनने विनवलं, मग तो भांडला. कंपनी बुडेल, म्हणाला. ते तिलाही कळत होतं. कर्ज काढून बुडाली तर प्लॉटही जाईल, आणि त्या मॅनेजरच्या हाती तर तो जाऊ देणार नाही, एवढंच ती म्हणाली.

कंपनी बंद झाली. ट्रेलर विकले गेले. मिथुन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. आई समोर वाढायला बसलेली असली, तरी तो भाकरी बायकोकडे, निशाकडे मागू लागला.

एका सकाळी कृष्णाबाई टोपली घेऊन हायवे ओलांडायला उभी होती. समोरून एक ट्रेलर आला. नव्या मालकाने दारावरचा रंग खरवडला होता, तरी खालची अक्षरं दिसत होती. तिला तेवढीच वाचता यायची. कंपनी काढताना मिथुनने आईचंच नाव दिलं होतं.

ड्रायव्हर अनोळखी होता. त्याने हॉर्न दिला. कृष्णाबाई टोपली सावरून बाजूला झाली.