आशीर्वादानंतरचा चहा

मित्रांनो, मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक जुनी किटली आहे. शिरूर कासारकडच्या एका लहानशा चर्चमध्ये, मागच्या खोलीतल्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात चाळीस माणसांचा चहा मावतो. आता तेवढी माणसं चहाला थांबत नाहीत.

आष्टीच्या बाजारातून चर्चच्या बायांनी मला आणलं. पहिल्याच रविवारी चतुराबाईनं मला उचललं आणि पुढं ते काम तिच्याकडंच राहिलं. उपासना संपताना पाळकांनी आशीर्वाद दिला, की मंडळी अंगणातल्या लिंबाखाली बसत. चतुराबाई पदरानं माझा कान धरून प्रत्येकापुढं वाके. "चतुराबाईच्या हाताला चव हाय," असं लोक म्हणत, तेव्हा मलाही आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

एकदा मात्र मी कमी पडले. आमच्याच मंडळीतल्या मंजुळाबाईचा नवरा वारला, त्याच्या दफनाला पुष्कळ माणसं लोटली. चहा वाटता वाटता मी रिकामी झाले आणि मंजुळाबाईचा भाऊ तसाच राहिला. चतुराबाईनं घाईनं दुसरं आधण ठेवलं, पण तोवर तो गाडीला निघून गेला होता.

"समद्या गावाला पाजलंस, माझ्या भावालाच कावून न्हाई?" मंजुळाबाई भरल्या डोळ्यांनी म्हणाली.

तेव्हापासून आशीर्वाद झाला, की मंजुळाबाई चपला घालून सरळ घराकडं चालू लागे. चतुराबाई दर रविवारी तिचा कप भरायची. तो तसाच निवून जायचा.

आमच्याकडं दिवाळी सरली, की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. त्या वर्षी दोघींचीही लेकरं टोळीबरोबर गेली. पाळकांकडं इतर गावंही होती, ते महिन्यातून एकदाच येत. हळूहळू चर्चमध्ये, आमच्या या देवळात, या दोन म्हाताऱ्याच उरल्या. एक या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. एकीनं गीत सुरू केलं, की दुसरी खाली बघून ओठ हलवी. मला फार वाईट वाटायचं, पण किटलीला कुठं बोलता येतं?

नाताळ झाला आणि नंतरच्या रविवारी चतुराबाई आलीच नाही. मंजुळाबाई दाराकडं बघत बसली. तिनं एकटीनंच गीत म्हटलं, एकटीनंच प्रार्थना केली. चपला घालून ती पायरीपर्यंत गेली आणि थांबली. मग मागं फिरून तिनं मला फळीवरून काढलं. माझ्यावर धूळ नव्हती, तरी पदरानं पुसलं. चहा उकळला, माझ्यात ओतला आणि मला कडेवर घेतल्यासारखी सांभाळत ती चतुराबाईच्या घरी गेली.

चतुराबाई गोधडीत तापानं फणफणली होती.

"कावून आली न्हाईस?"

"अंग लई दुखतंय गं. कोण कोण आलतं?"

"कोण येतंय? मी एकलीच व्हते."

मंजुळाबाईनं तिला उठवून बसवलं आणि कप तोंडाला लावला.

"किती साखर घातलीस बया!"

"तापानं तोंड कडू पडलंय तुझं. पी गुमान."

दोन घोट झाल्यावर चतुराबाई हळूच म्हणाली, "मंजुळे, तुझ्या भावाचं त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ दे ते. निवतोय चहा."

मग तिनं स्वतःसाठीही कप भरला.

त्यानंतर मंजुळाबाई रोज तिच्याकडं जायची, मला बरोबर घेऊन. पण चतुराबाई त्या अंथरुणातून उठली नाही. लेकरांना निरोप धाडला, ती लांबून निघाली, पण वेळेवर पोचली नाहीत. तिच्या दफनाला खड्डा खणणारे आणि पाळक, एवढेच लोक होते. मंजुळाबाईनं त्यांना चहा दिला. एक कप भरून बराच वेळ हातात धरून बसली.

आता उन्हाळ्यात टोळ्या परततात, बाकं भरतात. पण आशीर्वाद झाला, की जो तो मोबाईल काढतो आणि गाडीला किक मारतो. मंजुळाबाई मला घेऊन लिंबाखाली उभी असते. "घोटभर घेऊन जा रं," म्हणते. कोणी थांबतं, कोणी हात हलवून जातं. उरलेला चहा ती लिंबाच्या मुळाशी ओतते आणि मला धुऊन फळीवर पालथी घालते.

मित्रांनो, तुमच्या देवळात, तुमच्या आळीत असं कोणी कप पुढं करत असेल, तर घाई असली तरी थांबा. तहान नसली तरी घ्या. म्हाताऱ्या बाईला एकटीनं चहा पिता येतो, पण एकटीला तो वाटता येत नाही.