तिच्यासारखाच कीबोर्ड

भावजयीचा नवा कीबोर्ड ताईंनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांना तो मोडलेलाच वाटला. बरोबर मध्यातून दोन तुकडे, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि दोन्ही आतल्या कडेला जरा उचललेले, उतरत्या छपरासारखे.

"पडला की काय गं?" त्यांनी विचारलं. काळजी आवाजात होती, मनात नव्हती.

"नाही हो ताई, असाच असतो. यावर मनगटं वाकडी होत नाहीत. यांनी आणला."

'यांनी' म्हणजे ताईंच्या सख्ख्या धाकट्या भावाने. ताईंचं उजवं मनगट आठ महिने दुखत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण दर रविवारी फोनवर त्या तेच सांगत असत. त्यावर तो म्हणायचा, "ताई, शेक घे." म्हणजे बहिणीला शेक आणि बायकोला कीबोर्ड! ताई आपल्या जागेवर येऊन बसल्या आणि पुढचा तासभर त्यांना स्वतःचा कीबोर्ड नुसता दिसला तरी राग येत होता.

ही जागा म्हणजे हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागातलं खिडकीजवळचं टेबल. टायपिंगच्या खोलीत चार टेबलं होती. तीन टेबलांवर, त्यातलं एक भावजयीचं, रोजचे रिपोर्ट व्हायचे, चौथं तातडीचं. वर ऑपरेशन चालू असताना काढलेला तुकडा खाली यायचा, तो गोठवून त्याचा पातळ काप काढायचे, पलीकडच्या खोलीत डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघता बघता बोलायचे आणि तातडीच्या टेबलावरची बाई हेडफोनमधून ऐकत तिथल्या तिथे टाइप करायची. वर सर्जन हात थांबवून, रिपोर्ट कधी उमटतो म्हणून पडद्याकडे बघत उभा असायचा. अकरा वर्षं ती बाई म्हणजे ताई. दुसऱ्या कुणाला तिथे बसायची वेळच आली नव्हती; ताई रजासुद्धा ऑपरेशनचं वेळापत्रक बघून घेत.

पण मनगटाने वेग खाल्ला होता. डॉक्टर माणूस भला, त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "तुम्हाला सोसेल असा कीबोर्ड निवडा, विभाग घेऊन देईल. दोन आठवडे बघू. पूर्वीचा वेग आला तर उत्तम. नाहीतर तातडीचं टेबल दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागेल."

दुसरं कुणीतरी कोण, हे विचारायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी भावजयीचा अर्ज ताईंनीच या खोलीत आणून दिला होता. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टने टेप काढून ताईंचे खांदे मोजले, कोपरापासून टेबलाची उंची मोजली, हाताची वीत घेतली आणि तीन नमुने समोर मांडले. मग त्यातला सर्वांत छोटा, चपटा कीबोर्ड पुढे सरकवला.

"तुमचे हात लहान आहेत. याला उजवीकडचा आकड्यांचा पट्टा नाही, त्यामुळे माउस जवळ येईल, खांदा ताणला जाणार नाही. बटणंही हलकी आहेत. चार दिवस वापरून बघा."

"आणि तो दोन तुकड्यांचा?"

"तो रुंद खांद्यांना बरा. शिवाय टायपिंग रीतसर दहा बोटांनी हवं. तुम्ही कसं करता?"

"रीतसर," ताई म्हणाल्या.

"बघा हं. कीबोर्ड चपलेसारखा असतो. शेजारणीच्या पायातला बघून घ्यायचा नसतो."

हे नेमकं वर्मावर बसलं. छोटा कीबोर्ड ताईंना एकदम खेळण्यातला वाटू लागला. तिच्याकडे दोन तुकड्यांचा ऐटबाज, आणि आपल्याकडे हा पाटीएवढा? खोलीतल्या सगळ्या काय म्हणतील, अकरा वर्षांच्या नोकरीचं बक्षीस? "मला तोच द्या," त्या म्हणाल्या, "तिच्यासारखाच." चार दिवस काय, चार मिनिटंही त्यांनी तो वापरून पाहिला नाही.

कीबोर्ड आला. खोलीतल्या दोघी कौतुकाने बघून गेल्या. भावजय म्हणाली, "अय्या, ताई, आपली जोडी झाली!" ताईंनी हसल्यासारखं केलं आणि टाइप करायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत त्यांचं उजवं बोट बटण सोडून सरळ टेबलावर आपटलं. टक्.

गोष्ट अशी होती, की ताई टायपिंग कुठल्याही क्लासमध्ये शिकल्या नव्हत्या. शेजारच्या बाईचं बघत बघत, कामाच्या रेट्यात, सात बोटांवर शिकल्या होत्या. खालच्या ओळीतलं अगदी मधलं बटण रीतीने डाव्या हाताचं. ताई ते उजव्याने दाबत. एकसंध कीबोर्डवर त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. आता मात्र ते बटण डाव्या तुकड्याबरोबर पलीकडे गेलं होतं आणि उजव्या बोटाच्या वाट्याला टेबलाचा सनमायका आला होता.

टक्. पुन्हा टक्.

"ताई," भावजय हळूच म्हणाली, "ते बटण डाव्या हाताचं आहे."

"माहितेय मला. मी काय आज टाइप करतेय?"

क्लासमध्ये भावजयीच्या हातांवर कापड टाकून टायपिंग शिकवलं होतं. तिला न बघता कळत होतं कुठलं बोट कुठे चुकलं, आणि तिला ते कळतंय हे ताईंना मनगटापेक्षा जास्त दुखत होतं. आठवडाभर त्या दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून पाहत राहिल्या. मग ते उतरतं छप्पर मध्ये यायचं आणि हात आणखी वाकडे व्हायचे. बोट सांगून ऐकेना. अकरा वर्षांची सवय आठ दिवसांत कशी जाईल? डाव्या हाताची आठवण ठेवावी तर बाकीची सहा बोटं बावचळत.

नवव्या दिवशी सकाळी तातडीचा नमुना आला. डॉक्टर बोलायला लागले. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीत टक्. ताईंनी मान खाली घातली, बटण शोधलं, वर पाहिलं, तोवर डॉक्टर दोन वाक्यं पुढे गेले होते. "सर, परत सांगाल?" त्यांनी माइकवर विचारलं. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा निघालं असेल, ते बोटांवर मोजता आलं असतं. त्या दिवशी ते तीनदा निघालं. वरून सर्जनचा फोन आला. रिपोर्ट बरोबर गेला, पण चार मिनिटं उशिरा.

डॉक्टर स्वतः खोलीत आले. "ताई, काय अडतंय?"

ताईंच्या आधी भावजयच उठली. "सर, वायर सैल असेल. नवीन आहे ना, माझ्याचीही अशीच व्हायची."

तिची वायर कधीही सैल झालेली नव्हती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. आपल्याला वाचवायला ही खोटं बोलतेय, तेही इतक्या सफाईने! आजवर तिच्या वेगाचा हेवा केला, कीबोर्डचा केला, नवऱ्याचा केला. आता तिच्या चांगुलपणाचाही करायचा? एवढी ताकद ताईंत नव्हती.

"वायरला काही झालेलं नाही, सर. मी हिचा बघून घेतला. माझ्या हाताचा नाही तो. सांगणाऱ्याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. आज छोटा मागवते."

"आणि तोपर्यंत?"

गोळी गिळावी तशा ताई बोलल्या. "तोपर्यंत ही बसेल इथे. तोपर्यंत." दुसरा 'तोपर्यंत' पहिल्यापेक्षा बराच मोठ्याने होता.

"तोपर्यंतच हो, वन्सं," भावजय म्हणाली. ती हा शब्द फक्त थट्टेत वापरायची.

तासाभरात वरून दुसरा नमुना आला. भावजय खिडकीजवळ बसली. ताईंनी जादाचा हेडफोन लावला आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण पायही हलत नव्हते. भावजयीची बोटं दोन्ही तुकड्यांवर अशी चालली होती, की बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. मग एकाएकी ती थांबली. डॉक्टर वाक्याचा शेवट नेहमी मास्कमध्ये गिळतात. तिने मागे वळून पाहिलं. तोंडचं पाणी पळालं होतं.

"कडा मोकळ्या म्हणाले," ताई पुटपुटल्या. "थांब, लिहू नकोस. विचारून घेते." त्यांनी वाकून माइकचं बटण दाबलं. "सर, कडा मोकळ्या?"

"हो, हो. सगळ्या कडा मोकळ्या."

म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांपर्यंत रोग पोहोचलेला नव्हता. बोटं पुन्हा धावली. रिपोर्ट वर गेला. डॉक्टरांनी पलीकडून घड्याळ पाहिलं असावं.

"छान," ते म्हणाले.

"थँक्यू, सर," दोघी एकदम बोलल्या. ताई किंचित आधी.